पुस्तक वाचल्याशिवाय शहाणपण येत नाही काय?

— ऊस विकास अधिकारी, मलकापूर विभाग



ऊस नोंदीच्या निमित्ताने गावोगाव फिरताना एक वाद वरचेवर कानावर पडतो. सोसायटीच्या कट्ट्यावर, मलकापूरच्या बाजारात चहाच्या गाड्याजवळ, नाहीतर तोड चालू असलेल्या फडाच्या कडेला हा वाद हमखास निघतो. एक जण म्हणतो, "पुस्तकं वाचून काय ऊस वाढतोय व्हय? आमच्या आज्ज्यानं कुठली बुकं वाचली हुती? पण त्याच्यासारखा ऊस पंचक्रोशीत कुणाचा नव्हता." त्यावर शिकलेला कोणी तावातावाने म्हणतो, "ते दिवस गेले. ज्याने चार पुस्तके वाचली नाहीत, तो आजच्या जगात कसला शहाणा आणि कसला पुढे जाणार?"

ऐकायला हा वाद गमतीचा वाटतो, पण त्याच्या निकालावर घरातल्या मोठ्या गोष्टी ठरतात. नववी-दहावीतला पोरगा शाळेतून काढून ट्रॅक्टरवर बसवायचा की शिकू द्यायचा? मुलीला पुढच्या शिक्षणासाठी कोल्हापूरला पाठवायची की नाही? समोर आलेला कागद वाचून सही करायची, की "सायबांनी सांगितलंय, कर सही" म्हणून अंगठ्याला शाई लावायची? म्हणून या प्रश्नाचा जरा नीट विचार करू या. दोन्ही बाजूंचे खरे काय आणि खोटे काय, ते पाहू.

आधी शेती, मग अक्षर

पहिली बाजू सहज उडवून लावण्यासारखी नाही. जगात अक्षराचा जन्म होऊन पाच-साडेपाच हजार वर्षे झाली. शेती त्याच्याही कित्येक हजार वर्षे आधीची. आपला ऊसच घ्या. न्यू गिनी बेटावरच्या माणसांनी तो रानातून उचलून प्रथम परसात लावला, तेव्हा त्यांना वाचायला एक अक्षरही नव्हते. कोणते कांडे गोड, कोणते बेणे चांगले उगवते, कोणत्या जागी ते मानवते, हे त्यांनी डोळ्यांनी पाहून आणि जिभेने चाखून ठरवले. ही निवड म्हणजे बुद्धीचेच काम. ती बुद्धी कोणत्याही पुस्तकातून आलेली नव्हती.

लांब कशाला जायचे? खानदेशातल्या आसोदे गावच्या बहिणाबाई चौधरी यांना लिहिता-वाचता येत नव्हते. शेतात आणि जात्यावर काम करता करता त्या ओव्या आणि गाणी रचत. त्यांच्यातले शहाणपण मोठमोठ्या विद्वानांनी मान्य केले. विदर्भातले दादाजी खोब्रागडे यांचे उदाहरण तर आपल्या धंद्यातलेच आहे. चंद्रपूर जिल्ह्यात नागभीड तालुक्यातले नांदेड हे त्यांचे गाव. शाळा तिसरीपर्यंत. १९८३ च्या सुमारास आपल्या भाताच्या शेतात त्यांना काही लोंब्या वेगळ्या दिसल्या. त्यांनी त्या बाजूला काढल्या, वर्षानुवर्षे वेगळ्या पेरल्या आणि त्यातून 'एचएमटी' नावाचा बारीक तांदळाचा वाण तयार केला. आज तो तांदूळ कितीतरी घरांत शिजतो. असे वेगळे कणीस हजारो शेतकऱ्यांच्या डोळ्यांसमोरून जाते, पण ते टिपणारा डोळा एखाद्याचाच असतो. तो डोळा पदवीच्या कागदाने मिळत नाही.

तेव्हा आज्ज्याला पुस्तकाशिवाय शहाणपण होते, हे कबूल. त्याला जमिनीची नाडी कळत होती. ढग बघून तो पाण्याची पाळी लांबवत होता. पण आज्जा अडाणी होता म्हणून शहाणा होता, असे मात्र कोणी समजू नये. तो बारकाईने पाहत होता, चुकले तर पुढच्या साली बदलत होता आणि दुसऱ्याचे ऐकून घेत होता, म्हणून तो शहाणा होता. आपण त्याच्यासारखे पाहतोही किती आणि ऐकतोही किती, हा प्रश्न ज्याने त्याने स्वतःला विचारावा.

शहाणपण टिकते कशाने?

आता याच गोष्टींची पुढची बाजू पाहा. बहिणाबाईंची गाणी आज आपल्यापर्यंत आली, ती त्यांचे चिरंजीव सोपानदेव आणि घरातली लिहिणारी माणसे यांनी ती वेळोवेळी उतरवून ठेवली म्हणून. बहिणाबाई १९५१ च्या डिसेंबरात वारल्या आणि १९५२ साली आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह त्यांची गाणी पुस्तकरूपाने निघाली. ती वही नसती तर गाणी त्यांच्याबरोबरच गेली असती. जात्यावर गाणाऱ्या आणखी किती बहिणाबाई महाराष्ट्रात होऊन गेल्या असतील! त्यांचे शब्द उतरवून घेणारे घरात कोणी नव्हते, म्हणून त्यांचे नावही आपल्याला ठाऊक नाही.

खोब्रागडे यांचेही तसेच. वाण गावोगाव गेला, व्यापारात आला, पण तो ज्याने काढला त्याच्या हाती फारसे काही पडले नाही. २००५ साली राष्ट्रपती डॉ. अब्दुल कलाम यांच्या हस्ते त्यांचा गौरव झाला, पण २०१८ साली ते वारले तोवर ओढगस्त काही संपली नाही. शेतकऱ्याला स्वतःच्या वाणाची नोंद करून हक्क सांगता येईल असा कायदा आपल्या देशात २००१ साली झाला. म्हणजे त्यांनी वाण काढला त्याच्या कितीतरी नंतर. बुद्धी त्यांच्यापाशी भरपूर होती. त्या बुद्धीच्या फळावर त्यांचे नाव लावणारा कागद नव्हता.

प्रवरेकाठची जोडी

साखर कारखान्याच्या सभासदाने हा विचार करताना एक जोडी डोळ्यांपुढे ठेवावी. त्या वेळच्या अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, प्रवरेकाठी लोणी गाव आहे. तिथले विठ्ठलराव विखे पाटील शेतकरी माणूस. शाळा प्राथमिकच. पण सावकारीने गाव कसे पोखरले जाते, हे त्यांनी उघड्या डोळ्यांनी पाहिले होते. १९२३ साली त्यांनी गावात सहकारी पतपेढी काढली. पुढे कॅनॉलच्या पाण्यावर ऊस पिकवूनही पैसा गुळाच्या पेठेत आणि खाजगी कारखानदाराकडेच जातो, हे ओळखून शेतकऱ्यांचा स्वतःचा कारखाना काढायचा ध्यास त्यांनी घेतला.

दुसरीकडे होते धनंजयराव गाडगीळ. केंब्रिजला शिकलेले. भारताच्या औद्योगिक प्रगतीवरचा त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९२४ सालीच प्रसिद्ध झालेला. १९३० साली पुण्यात सुरू झालेल्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे ते पहिले संचालक. सारे आयुष्य पुस्तकात गेलेला माणूस. अशी ही दोन टोके सहकाराच्या कामात एकत्र आली. त्या वेळी मुंबई राज्यात अर्थ आणि सहकार खाते सांभाळणारे वैकुंठभाई मेहता यांचाही पाठिंबा मिळाला. विखे पाटलांनी गावोगाव फिरून शेअर गोळा केले. "शेतकरी कुठं कारखाना चालवतोय व्हय?" म्हणून हसणारे तेव्हाही होतेच. १९५०-५१ च्या हंगामात प्रवरेच्या कारखान्याने गाळप सुरू केले. पहिले अध्यक्ष गाडगीळ आणि उपाध्यक्ष विखे पाटील.

या दोघांतला शहाणा कोण? गाडगिळांना सहकाराचे अर्थशास्त्र ठाऊक होते, पण लोणीच्या शेतकऱ्याकडून शेअरचा पैसा काढणे त्यांना एकट्याने जमले नसते. विखे पाटलांना माणसे ठाऊक होती, पण भांडवल, कर्ज आणि नियम यांची घडी बसवायला वाचलेल्या माणसाची साथ लागली. विखे पाटलांचे खरे मोठेपण मला यातच दिसते. आपल्याला वाचनाची जोड नाही म्हणून त्यांनी पुस्तकाची टिंगल केली नाही. ज्याने ते वाचले आहे, त्याला त्यांनी सोबत घेतले.

अशी माणसे आणखीही दाखवता येतील. आपल्याच जिल्ह्यात कुंभोजला १८८७ साली जन्मलेले कर्मवीर भाऊराव पाटील स्वतः मॅट्रिक झाले नाहीत, पण १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढून त्यांनी बहुजनांची लाखो मुले शाळेत बसवली. वसंतदादा पाटलांचे शिक्षण बेताचे, पण १९८३ नंतर मुख्यमंत्री असताना त्यांनीच विनाअनुदानित तंत्रशिक्षणाची दारे उघडली. मांजरीच्या ज्या ऊस संशोधन संस्थेकडून आपण बेणे आणि सल्ला आणतो, तिला आज त्यांचेच नाव आहे. गाडगेबाबांना तर अक्षरओळखही बेताचीच होती, पण पोटाला चिमटा घेऊन पोरांना शिकवा, हे ते कीर्तनात कळवळून सांगत. न वाचता मोठी झालेली ही माणसे. यांच्यातल्या एकानेही 'वाचून काय होते?' असे म्हटले नाही. ज्याला उणीव सोसावी लागते, त्यालाच तिची किंमत कळते.

न वाचण्याची किंमत

वाचता न येण्याची किंमत शेतकऱ्याने पिढ्यान्‌पिढ्या मोजली आहे. १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यात सुपे येथे शेतकऱ्यांचा उठाव झाला आणि तो गावोगाव पसरला. लोकांचा रोख सावकारांच्या घरातल्या कर्जरोख्यांवर होता. ते ओढून काढून त्यांची होळी केली गेली. स्वतःला न वाचता येणाऱ्या कागदावर अंगठा दिला आणि त्या कागदाने जमीन नेली, हे त्या रागाचे मोठे कारण. त्यानंतर १८७९ साली कायदा झाला आणि शेतकऱ्याचे रोखे सरकारने नेमलेल्या नोंदणी अधिकाऱ्यासमोर लिहिण्याची व्यवस्था आली. कोल्हापूरच्या राजर्षी शाहू महाराजांनी तर मुळालाच हात घातला. १९१७ साली त्यांनी संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे केले, आणि मूल शाळेत न धाडणाऱ्या पालकाला दंड ठेवला. महाराजांना रयतेच्या शहाणपणाबद्दल शंका नव्हती. त्या शहाणपणाला कोणी कागदाने फसवू नये, ही काळजी होती.

आता कोणी म्हणेल, ही शंभर-दीडशे वर्षांपूर्वीची गोष्ट झाली. तसे नाही. आपल्याच विभागातल्या एका सभासदाची हकीकत सांगतो, नाव सांगत नाही. ऊस एक नंबर, व्यवहार चोख. भावकीतल्या एकाने ट्रॅक्टर घेतला तेव्हा "साक्षीदार म्हणून सही कर" असे सांगून त्याची सही घेतली. पाच पानी कागद होता. याने शेवटच्या पानावर सही केली. तीन वर्षांनी थकबाकीची नोटीस आली तेव्हा कळले, की तो साक्षीदार नव्हता, जामीनदार होता. त्याच्या उसाच्या बिलातून दोन हंगाम पैसे कापले गेले आणि त्या पायी थोरल्या मुलीचे नर्सिंगचे शिक्षण एक वर्ष थांबले. हा माणूस निरक्षर नाही, सातवी पास आहे. वाचता येत होते, पण वाचले नाही. ज्याला येत नाही आणि जो वाचत नाही, त्या दोघांचे नुकसान सारखेच होते.

याच्या उलट एक चांगली गोष्टही घडली. घरधनी अचानक वारल्यावर एका भगिनीच्या नावावर शेअर करायचे होते. कोण म्हणे कोर्टाचा दाखला लागेल, कोण म्हणे वकील धरा. तिच्या नववीतल्या मुलीने घरात पडलेले पोटनियमांचे पुस्तक काढून वारस नेमणुकीचे कलम आईला वाचून दाखवले. वडिलांनी नेमणूक करून ठेवलेली होती. अर्ज, मृत्यूचा दाखला, एवढ्यावर काम झाले. ज्यांची नेमणूक अजून राहिली आहे, त्यांनी ती या महिन्यात शेअर विभागात येऊन करावी, ही विनंती जाता जाता करून ठेवतो.

पोत्यावरचे आकडे आणि बिलावरचे आकडे

"वाचून ऊस वाढतो काय?" या प्रश्नाचे उत्तर आता हिशोबानेच देतो. सुरू लागणीला शिफारस आहे हेक्टरी २५० किलो नत्र, ११५ किलो स्फुरद आणि ११५ किलो पालाश. अडीचने भागले की एकरी १००, ४६ आणि ४६ किलो. आता पोत्यावरचे छापील आकडे वाचा. डीएपीवर १८:४६ असते. म्हणजे दोन पोती, शंभर किलो टाकले की ४६ किलो स्फुरद पुरे झाले आणि वर १८ किलो नत्रही मिळाले. राहिले ८२ किलो नत्र. युरियात नत्र ४६ टक्के, म्हणून सुमारे १७८ किलो युरिया, म्हणजे ४५ किलोची चार पोती. पालाशसाठी ६० टक्क्यांचे पोटॅश ७७ किलो, म्हणजे साधारण दीड पोते. झाला एकराचा हिशोब! माती परीक्षणाचा दाखला असेल तर त्याप्रमाणे कमी-जास्त करावे. शेजाऱ्याने आठ पोती युरिया टाकला म्हणून आपणही टाकला, तर ऊस हिरवागार दिसेल, पण लोळेल, किडीला बळी पडेल आणि साखर कमी भरेल. पैसा जायचा तो गेलाच.

बिलाचेही तसेच. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्राने ठरवलेला एफआरपी १०.२५ टक्के उताऱ्याला टनाला ३,५५० रुपये. वरच्या प्रत्येक ०.१ टक्क्याला टनामागे ३४ रुपये ६० पैसे जास्त. उदाहरणादाखल उतारा १२.२५ धरला तर ६९२ रुपये वाढतात आणि दर ४,२४२ होतो. त्यातून तोडणी-वाहतूक वजा जाते. ऊस घातल्यापासून चौदा दिवसांत पैसे मिळावेत आणि उशीर झाला तर पंधरा टक्के व्याज द्यावे, हे १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशात लिहिलेले आहे. कारखाना आपलाच आहे. मालकाला आपल्या घरचा हिशोब वाचता आला, तर वार्षिक सभेत गोंगाट होत नाही, मुद्द्याचा प्रश्न विचारला जातो. असा प्रश्न विचारणारा सभासद ही संस्थेची खरी राखण आहे.

पुस्तकी शहाणपणाचाही धोका

एवढे सांगितल्यावर पुस्तकाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. मी स्वतः शेतकी पदविकेला पुस्तकांवरच शिकलो. पण पुस्तक कुठे बसून लिहिले, हे पाहावे लागते. उसाच्या कितीतरी शिफारशी पाडेगावच्या संशोधन केंद्रावरून निघाल्या. हे केंद्र १९३२ साली नीरा कॅनॉलच्या भागात सुरू झाले. तिथे पाऊस कमी आणि जमीन काळी. आपल्याकडे मलकापूरच्या वर आंब्याच्या बाजूला जमीन तांबडी आणि जांभ्याची, आम्ल गुणाची, आणि पाऊस धो धो. चुनखडीच्या जमिनीत ऊस केवड्याने पिवळा पडतो तेव्हा हिराकस द्यायला सांगतात. ते तिथे बरोबर आहे. आपल्या तांबड्या मातीत लोहाचा तोटा नसतो. इथे ऊस पिवळा पडला तर आधी पाणी साठले आहे काय आणि नत्र पावसाने वाहून गेले आहे काय, हे पाहावे. पुस्तकातले पान डोळे मिटून शेतावर पसरणारा माणूस आणि पुस्तकाला हातच न लावणारा माणूस, दोघेही सारखेच आंधळे. वाचायचे, मग सरीत उतरून पडताळायचे, आणि जे दिसले ते वहीत लिहून ठेवायचे. तुमची ती वही हेच तुमच्या शेताचे खरे पुस्तक होईल.

आजकाल कोणी म्हणते, मोबाईलवर सगळे दिसते, मग वाचायचे कशाला? चांगली माहिती मोबाईलवरही मिळते, नाही असे नाही. पण पाच मिनिटांच्या चित्रफितीत "एकरी शंभर टन" म्हणून सांगणारा बहुतेक वेळा काहीतरी बाटली विकत असतो. कागदावरचे वाक्य पुन्हा वाचता येते, त्यावर बोट ठेवून "हे कशावरून?" असे विचारता येते. बाटलीवरचे बारीक अक्षर वाचण्याची सवय जडली, तर निम्म्या बाटल्या आपोआप दुकानातच राहतील.

मग करायचे काय?

बुद्धी जन्मजात असते, ती अनुभवाने धारदार होते. पुस्तक नसले म्हणून माणूस मूर्ख ठरत नाही, आणि कपाटभर पुस्तके असली म्हणून शहाणा ठरत नाही. पण पुस्तकाने दुसऱ्याचा अनुभव आपल्याला फुकट मिळतो. उसाचा एक हंगाम बारा ते अठरा महिन्यांचा. साऱ्या आयुष्यात माणसाला असे तीस-पस्तीस हंगाम मिळणार. प्रत्येक चूक स्वतःच करून शिकायची म्हटले तर आयुष्य पुरणार नाही.

ज्यांना वाचता येत नाही, त्यांनी कमीपणा मानू नये. आपल्याकडे श्रावणात देवळात पोथी लावतात. एक जण वाचतो, दुसरा अर्थ सांगतो आणि सारे गाव ऐकते. तलाठी चावडी वाचन करतात तेव्हाही हीच रीत. त्याच रीतीने आठवड्यातून एक संध्याकाळ सोसायटीच्या कार्यालयात अर्धा तास वाचन ठेवावे. कारखान्याचा अहवाल, पोटनियम, ऊस लागवडीची पुस्तिका, माती परीक्षणाचा दाखला, असे काहीही वाचावे. वाचायला शाळेतली मुले-मुली घ्यावीत. अर्थ सांगायला शेतकी खात्याचा माणूस येईल, ती जबाबदारी माझी. चार-पाच गावांनी तयारी दाखवली, तर भरणीच्या आधी हे काम सुरू करता येईल. कोल्हापुरात करवीर नगर वाचन मंदिर १८५० पासून चालू आहे. आपल्या गावचे वाचनालय निदान संध्याकाळी दोन तास तरी उघडे राहावे, एवढे तरी आपण पाहू शकतो.

आणि एक गोष्ट आजच करता येईल. या हंगामाचे उसाचे बिल घरात असेल. ते शाळेत जाणाऱ्या मुलाच्या किंवा मुलीच्या हातात द्या आणि मोठ्याने वाचायला सांगा. वजन किती, दर किती, कपात कशाकशाची, ते घरातल्या सर्वांनी, विशेषतः माउलींनी, ऐकावे. जिथे अडेल तिथे खूण करून आपल्या गटाच्या कार्यालयात यावे. समजावून सांगणे हे आमचे कामच आहे.

जय सहकार!